बाळाला विणलेल्या कापडाने अंगाशी बांधणे : कापड, ताण आणि काळजी (सातारा-सांगली)

सातारची_माय

तान्ह्या बाळाला किंवा नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला लांब, विणलेल्या कापडाने अंगाशी बांधून वावरण्याची पद्धत साताऱ्यात आता नवलाईची राहिलेली नाही. राजवाड्याच्या चौपाटीवर, पोवई नाक्यावरच्या दुकानांत किंवा सकाळी यवतेश्वराच्या रस्त्याने फिरायला निघालेल्या जोडप्यांत असे एखादे बाळ दिसतेच. पाहून आनंद होतो, पण जवळ गेल्यावर पुष्कळदा काळजीही वाटते, कारण कापड चांगले असते आणि बांधणी मात्र सैल असते. बाळ आईच्या पोटापर्यंत घसरलेले असते, त्याची हनुवटी छातीला टेकलेली असते आणि आईचा एक हात सतत त्याच्या बुडाखाली असतो. हात द्यावा लागत असेल तर ती बांधणी झालीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. महागडे कापड विकत घेतल्याने बाळ सुरक्षित होत नाही. ते कापड पट्टी-पट्टीने ताणता येते की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

मूल कापडात घेणे आपल्या भागाला परके नाही. जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला किंवा झाडाला टांगून तीत मूल निजवणे घरोघरी चालत आले आहे आणि पाठीशी मूल बांधून कामाला जाणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मेक्सिकोतील रेबोझो, कोरियातील पोडेगी, पूर्व आफ्रिकेतील कांगा ही त्याच कामाची कापडे. आज दुकानांत ‘रॅप’ म्हणून मिळणारे लांब कापड युरोपात रुजले ते १९७२ च्या सुमारास. जर्मनीतील एरिका हॉफमान यांना जुळी मुले झाली, त्यांनी लॅटिन अमेरिकेतील पारंपरिक कापडात ती वागवायला सुरुवात केली आणि त्यातूनच ‘डिडिमॉस’ ही कंपनी उभी राहिली. आपल्या झोळीत आणि या बांधणीत एक मोठा फरक आहे. झोळीत बाळ आडवे पडलेले असते आणि भोवती जागा असते. अंगाशी बांधलेले बाळ उभे असते, छातीला चिकटलेले असते आणि भोवती सैल जागा ठेवायचीच नसते.

प्रथम शिकणाऱ्यांनी समोरची, दोन्ही खांद्यांवरून जाणारी बांधणी शिकावी. कापडाचा मध्य छातीवर धरावा, दोन्ही टोके काखेखालून पाठीवर न्यावीत, तिथे एकमेकांवरून फुली घालून विरुद्ध खांद्यांवरून पुढे सोडावीत. छातीवर जो आडवा पट्टा तयार होतो तोच बाळाचा खिसा. बाळाला आधी खांद्यावर उभे घ्यावे, मग हळूहळू खिशात उतरवावे, पाय दोन्ही बाजूंनी मोकळे ठेवावेत आणि खालचा काठ बुडाखालून घेऊन एका गुडघ्याच्या लवणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या लवणीपर्यंत पसरवावा. गुडघे बुडापेक्षा थोडे वर असावेत आणि पाठ किंचित गोल असावी.

खरे काम यापुढे आहे. कापडाची सगळी रुंदी एकदम मुठीत धरून खेचली तर एक काठ ताणला जातो आणि मधला भाग ढिला राहतो. म्हणून बाळाच्या मानेजवळचा काठ आधी चिमटीत धरावा, त्यातली ढिलाई पाठीवरून खांद्याकडे आणि खांद्यावरून हातात आणावी, मग त्याच्या शेजारची दोन-तीन बोटे रुंदीची पट्टी, मग त्याच्या शेजारची, असे करत खालच्या काठापर्यंत यावे. नऊवारी नेसताना प्रत्येक निरी जशी वेगळी चाचपली जाते, तसेच हे काम आहे आणि ते घाईने होत नाही. दोन्ही बाजू ताणून झाल्या की टोके बाळाच्या बुडाखाली फुली घालून, त्याच्या पायांखालून पाठीमागे न्यावीत आणि सपाट दुहेरी गाठ मारावी. मग बाळाच्या डोक्यामागे हात ठेवून थोडे पुढे वाकून पाहावे. बाळ छातीपासून सुटून लोंबले तर गाठ सोडून पुन्हा ताणावे. मान फारशी न वाकवता त्याच्या कपाळाची पापी घेता आली पाहिजे, नाक आणि तोंड सतत डोळ्यांपुढे असले पाहिजे आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे शिरतील एवढी मोकळीक राहिली पाहिजे.

कापडाबद्दल, वयाबद्दल आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मिरजेची_परिचारिका

ताईंनी हनुवटीखाली बोटे शिरण्याबद्दल एका ओळीत लिहिले आहे, त्यावर मला अधिक लिहिणे भाग आहे, कारण नवजात कक्षात नोकरीचा मोठा काळ गेल्यामुळे हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, मानेत ते सावरण्याचे बळ नसते आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. हनुवटी छातीवर टेकली की नलिका दबते, आणि अशा वेळी बाळ रडत नाही, तडफडत नाही, ते फक्त गप्प होते. आईला वाटते की झोप लागली. दुसरा धोका कापड किंवा आईचे अंग नाकातोंडावर दाबले जाण्याचा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबाबत, म्हणजे बाळ अंगावर वागवण्याच्या कापडी झोळीबाबत, इशारा दिला, तेव्हा आधीच्या २० वर्षांत अशा साधनांशी संबंधित किमान १४ बालमृत्यूंची नोंद त्यांच्याकडे होती आणि त्यांपैकी १२ बाळे ४ महिन्यांपेक्षा लहान होती. म्हणून पहिल्या ४ महिन्यांत बाळ उभेच बांधावे. कुशीत आडवे, पोत्यासारख्या खोल खिशात बाळ ठेवण्याची पद्धत मी कोणालाही सुचवत नाही. अंगावर पाजायचे असेल तर कापड थोडे सैल करून बाळ खाली घेता येते, परंतु पाजून झाल्यावर त्याला पुन्हा वर घेऊन कापड पुन्हा ताणलेच पाहिजे. ही दुसरी पायरी गाळली जाते आणि धोका तिथेच असतो.

कमी दिवसांच्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी डॉक्टरांना विचारल्याखेरीज रॅप वापरू नये. अशा बाळांसाठी ‘कांगारू मातृ सेवा’ ही वेगळी, रुग्णालयात शिकवली जाणारी पद्धत आहे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी ती सुरू केली, कारण तिथे इनक्युबेटर पुरत नव्हते. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, बेडकासारखे पाय दुमडून उभे ठेवतात आणि वरून कापड बांधतात. भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ही सेवा बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच सुरू केल्यास मृत्यूंचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्या चाचणीत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय सहभागी होते. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी दिवसाचे ८ ते २४ तास, जितके जमेल तितके, ही सेवा द्यावी अशी शिफारस केली. वडील, आजी, मावशी यांनाही ती देता येते. घरी गेल्यावर त्या बाळाला रॅपमध्ये केव्हा घ्यायचे, हे त्याचे वजन आणि श्वास पाहून डॉक्टरच सांगू शकतात.

कऱ्हाडची_आजी

आपण सर्व शिकलेली मंडळी आहात आणि आपल्या लिहिण्यात तळमळ आहे. माझ्या दोन शंका आहेत आणि त्या माझ्या एकटीच्या नाहीत. पहिली शंका पायांची. आमच्याकडे न्हाऊ घालणाऱ्या बाईने तेल लावून पाय ताणून सरळ करायचे आणि मग बाळाला दुपट्यात पाय जुळवून गुंडाळायचे, हा शिरस्ता होता. तान्ह्या जिवाचे पाय असे फाकवून ठेवले तर ते फेंगडे होणार नाहीत काय? दुसरी शंका सवयीची. सून दिवसभर बाळाला अंगावर घेऊन फिरते आणि मग ते पाळण्यात टाकले की किंचाळते. हाताची सवय लागलेले मूल पुढे आईला बसू-उठू देत नाही, असे आम्ही ऐकत आलो. यावर कोणी रागावू नये आणि नीट समजावून सांगावे.

भौतिकोपचार_सांगली

आजी, आपली पहिली शंका मला आठवड्यातून अनेक घरांत ऐकू येते आणि तिचे उत्तर सविस्तर द्यायलाच हवे. जन्मतः खुब्याची वाटी पुरती हाडाची झालेली नसते, ती बरीचशी कूर्चेची, मऊ असते आणि उथळही असते. मांडीच्या हाडाचा गोल डोका त्या वाटीच्या मधोमध बसून राहिला तरच वाटी त्याच्याभोवती खोल आणि घट्ट होते. गुडघे वर आणि मांड्या बाजूला असताना हा डोका वाटीत उत्तम बसतो. पाय जबरदस्तीने सरळ करून जुळवले की तो वाटीच्या कडेकडे ढकलला जातो. म्हणूनच जन्मतः खुबा निखळलेल्या बाळांना ‘पावलिक हार्नेस’ नावाचा जो पट्टा आम्ही लावतो, तो पाय वर दुमडून आणि बाजूला फाकवूनच धरतो. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत आधार देणाऱ्या कापडात बाळ जवळजवळ त्याच स्थितीत बसते. ज्या बांधणीत कापडाची अरुंद पट्टी फक्त दोन पायांच्या मध्ये येते आणि पाय खाली लोंबतात, ती मी सोडून द्यायला सांगते.

पाय फेंगडे दिसण्याबद्दल सांगायचे तर, साधारण २ वर्षांपर्यंत बहुतेक सर्व मुलांचे पाय थोडे बाहेर वाकलेले दिसतात, मग ते अंगाशी बांधलेले असोत वा नसोत. पुढे ३-४ वर्षांच्या सुमारास गुडघे उलट आत आलेले दिसतात आणि ७ वर्षांपर्यंत ते आपोआप नीट होतात. हा वाढीचा क्रम आहे. एकच पाय जास्त वाकलेला असेल, वाक वाढत जात असेल किंवा मनगटे जाड दिसत असतील तर मात्र ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या मुडदुसाची तपासणी करावी. पायाळू जन्मलेली बाळे, मुली आणि घरात कोणाला खुब्याचा त्रास असलेली बाळे यांच्या खुब्याची सोनोग्राफी साधारण ६ आठवड्यांच्या सुमारास करून घेणे उत्तम.

आजींना एक विनंती. मालिश जरूर करावी, ती बाळाला आवडते. फक्त पाय ताणून सरळ करू नयेत आणि दुपट्यात गुंडाळताना छाती व हात गुंडाळले तरी कमरेखाली पाय मोकळे हलतील एवढी जागा ठेवावी. तेल लावल्यावर लगेच मात्र बांधू नये, कारण निसरडे बाळ कापडात सरकते.

विश्रामबागचा_बाबा

आजींच्या दुसऱ्या शंकेवर मी लिहितो, कारण आमच्या घरी संध्याकाळचे रडणे माझ्या वाट्याला होते. कॅनडातील हन्झिकर आणि बार या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये ९९ माता-बालकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला बाळ रडत नसतानाही दिवसभरात अधिक वेळ हातात किंवा अंगावरच्या झोळीत घेण्यास सांगितले होते. ६ आठवड्यांच्या वयाला त्या गटातील बाळे ४३ टक्के कमी रडत होती आणि संध्याकाळच्या तासांत ५१ टक्के कमी. बाळ रडल्यावर उचलणे आणि आधीपासूनच जवळ ठेवणे यांत हा फरक आहे. प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे की, बार यांच्याच गटाने १९९१ मध्ये पोटशूळासारखे अतिशय रडणाऱ्या बाळांवर केलेल्या चाचणीत अधिक वेळ उचलून घेतल्याचा तसा उपयोग दिसला नाही. म्हणजे जे बाळ सतत किंचाळते त्याच्या आईने “मी पुरेसे जवळ घेत नाही” असा दोष स्वतःला लावून घेऊ नये.

पाळण्यात ठेवताच जागे होण्याबद्दल जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुचवलेली रीत आम्हाला लागू पडली. रडणाऱ्या बाळाला घेऊन न थांबता ५ मिनिटे चालावे, ते झोपले तरी लगेच खाली ठेवू नये, आणखी ५ ते ८ मिनिटे त्याला घेऊन शांत बसावे आणि मग ठेवावे. बाळ कापडात असताना हे बसणे सोपे जाते, कारण खांदे भरून येत नाहीत. मग मी गाठ सोडून बाळाला कापडासकट पलंगावर उतरवत असे आणि कापड त्याच्याखालून हळूच काढून घेत असे. कापड बाळाभोवती तसेच ठेवून कधीही निजवू नये, हे मात्र आवर्जून सांगतो.

बाबा मंडळींना एक सूचना करावीशी वाटते. खांद्यावर कापडाची दोरी होऊ देऊ नका. ते मानेपासून दंडाच्या गोलाईपर्यंत पसरून घ्या, म्हणजे वजन वाटले जाते, आणि गाठ मणक्यावर न येता कमरेच्या थोडी बाजूला येऊ द्या. मूल स्वतःचे स्वतः बसायला लागले की, म्हणजे साधारण ६ महिन्यांनंतर, पाठीवरची बांधणी शिकता येते. ती सुरुवातीला पलंगाच्या कडेला बसून आणि दुसरे माणूस जवळ असतानाच करावी. माझी मुलगी दीड वर्षाची झाल्यावर सज्जनगडाच्या पायऱ्या तिने निम्म्या स्वतः चढल्या आणि उरलेल्या माझ्या पाठीवरून. अशा वयाच्या मुलांसाठी कडेवरची बांधणीही बरी पडते, कारण त्यांना दर थोड्या वेळाने उतरायचे असते.

दोन ठिकाणी मात्र कापड बांधून जाऊच नये. स्वयंपाकाच्या ओट्याशी, शेगडीजवळ आणि गरम तेल-पाण्याशी काम करताना बाळ अंगावर नको. आणि दुचाकीवर तर अजिबात नको. सांगली-मिरज रस्त्यावर आईच्या छातीशी बाळ बांधून मागे बसलेली कुटुंबे रोज दिसतात. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेताना चालकाला जोडलेला सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट लागते आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे नेता येत नाही. रॅप हा तो पट्टा नव्हे. पडल्यास बाळ मोठ्या माणसाच्या वजनाखाली येते.

वाईकर_सून

माझे सिझेरियन होऊन अद्याप महिना पुरा झालेला नाही. बाळ पूर्ण दिवसांचे आणि ३ किलोंचे आहे. मी बांधावे की थांबावे?

मिरजेची_परिचारिका

टाके तपासणाऱ्या डॉक्टरांनी होकार देईपर्यंत थांबावे, ताई. तोवर बाळाच्या बाबांनी किंवा आजीने बांधून घ्यावे, त्यात बाळाचे काहीच कमी होत नाही. होकार मिळाल्यावरही बाळ उंच, छातीवर बांधावे, कापडाचा एकही थर जखमेवरून जाऊ देऊ नये आणि सुरुवात घरातल्या घरात थोड्या वेळाने करावी. ओटीपोटात जडपणा वाटला की लगेच सोडावे.

विट्याचा_मागवाला

कापडाबद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. आमच्याकडे विट्यात यंत्रमाग पिढीजात आहेत आणि गेल्या काही काळात अशा कापडाची विचारणा होऊ लागली आहे.

साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो. मांजरपाट, मलमल, बहुतेक सुती साड्या या विणीच्या असतात. ट्विल विणीत आडवा धागा दोन उभ्या धाग्यांच्या वरून आणि दोनांच्या खालून जातो आणि प्रत्येक ओळीला एक धागा पुढे सरकतो, त्यामुळे कापडावर तिरक्या रेघा दिसतात. या विणीत धाग्यांची गुंफण कमी ठिकाणी होते, म्हणून कापड मऊ पडते आणि तिरके ओढले तर देते व सोडल्यावर परत येते. उभे किंवा आडवे ओढले तर मात्र देत नाही. बाळ बांधायला नेमके हेच हवे असते, कारण कापड बाळाच्या पाठीच्या गोलाईवर बसते आणि तरी वजनाने खाली उतरत नाही. युरोपात बनणाऱ्या चांगल्या रॅपमध्ये तिरक्या रेघांची दिशा ठरावीक अंतराने उलटवतात, म्हणजे दोन्ही तिरक्या दिशांना सारखाच ताण मिळतो. कापड हातात घेऊन पाहायचे असेल तर दोन्ही हातांनी कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढावे, मग काठाच्या रेषेत ओढावे. फरक लगेच जाणवतो. होजिअरीचे लवचीक कापड सर्व बाजूंनी ताणते. ते लहान बाळाला समोर बांधण्यापुरते चालते, पण मोठ्या मुलासाठी किंवा पाठीवर बांधण्यासाठी कधीही वापरू नये.

माप म्हणाल तर समोरच्या बांधणीला साधारण साडेचार ते पाच मीटर लांबी लागते आणि पन्हा ६५ ते ७५ सेंटीमीटर. धिप्पाड माणसाला थोडी जास्त लांबी लागेल. वजन दर चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम असले की तान्ह्यापासून दीड-दोन वर्षांच्या मुलापर्यंत निभावते. त्याहून पातळ कापड खांद्यात रुतते, आणि सोलापुरी चादरीसारखे जाड घेतले तर त्याची गाठच नीट बसत नाही. जीनचे कापड ट्विलच असते, परंतु ते फार ताठ असते. कृत्रिम धागा टाळावा. तो गुळगुळीत असल्याने सरकतो आणि घामही टिपत नाही.

जुन्या नऊवारीचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास आणि पन्हा एक मीटरपेक्षा जास्त, म्हणजे एका साडीतून पुरेसे कापड निघते. पण लुगडे वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेले असेल तर घडीच्या रेषेवर सूत कुजलेले असते. उजेडासमोर धरून ती रेषा पाहावी आणि दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी जोराने ओढून पाहावे. टर्र आवाज आला तर त्याची गोधडी करावी. मऊ पण मजबूत सुती लुगडे मिळाले तर समोर, तान्ह्या बाळासाठी वापरण्यास हरकत नाही, फक्त जरीचा काठ काढून टाकावा, कारण तो बाळाच्या मानेला आणि गालाला ओरखडे काढतो. विणीत तिरका ताण कमी असल्याने ते अधिक काळजीने ताणावे लागेल. मधे जोड दिलेले, शिवण घातलेले कापड नको.

नवे कापड मागावरून उतरते तेव्हा सुताला लावलेली खळ त्यात असते. ते कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच वापरावे, म्हणजे खळ जाते आणि धागे जागच्या जागी बसतात. बाळ काठ चोखतेच, त्यामुळे रंग पक्का हवा. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहावा. काही अ‍ॅझो रंगांवर (हे एक प्रकारचे कृत्रिम रंग) आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे, तेव्हा रंग कोणता वापरला हे विणणाऱ्याला विचारायला संकोच करू नये. आम्ही सांगायला बांधील आहोत.

वाळव्याची_आशाताई

मी गावात गृहभेटी देते, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा आहे. गाळप हंगामात आमच्याकडे ऊसतोड कुटुंबे कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, करून राहतात आणि त्यांत तान्ही बाळे असतात. पहाटेच्या अंधारात कोपीपासून फडापर्यंत बाळ नेताना एका हातात कोयता, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन आणि बाळ खांद्यावर, अशी आईची ओढाताण असते. त्या चालण्यापुरते छातीशी नीट बांधलेले बाळ फार उपयोगी ठरते आणि मी तिथल्या बायकांना त्यांच्याच सुती साडीने ते दाखवते. परंतु तोडणी चालू असताना, मोळी डोक्यावर घेताना किंवा ट्रॉलीवर चढताना बाळ अंगावर नसावे. पाचटाची धार बाळाच्या डोळ्याला लागू शकते. तिथे सावलीतली, जमिनीपासून हातभर उंच बांधलेली झोळी आणि जवळ एक मोठे माणूस हेच योग्य. गड्यांपेक्षा पहाटेपासून अधिक राबणाऱ्या या बायकांच्या बाळांसाठी फडाजवळ पाळणाघर असणे हा त्यांचा हक्क आहे, हे मला इथे लिहावेसे वाटते. कापड त्याला पर्याय नाही.

दुसरा मुद्दा पुराचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांतून लोकांनी लेकरे कवटाळून बाहेर काढली. त्यानंतर एका बैठकीत, बाळ अंगाशी बांधून घ्यायला बायकांना शिकवावे, असे काहींनी सुचवले. चिखलाच्या रस्त्याने चालत उंचावर जाताना हे ठीक आहे, कारण हात मोकळे राहतात. मात्र नावेत बसताना बाळ बांधलेले नसावे. नाव कलंडली तर ओल्या कापडाची गाठ सुटत नाही आणि आई-बाळ दोघेही अडकतात. तिथे बाळ हातात आणि शक्य तिथे जीवरक्षक जॅकेट.

उन्हाळ्याबद्दल ताईंनी विचारले होते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या भागात पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा कापडाचा प्रत्येक थर बाळासाठी एक कपडा समजावा आणि आत फक्त लंगोट व पातळ झबले ठेवावे. ज्या बांधणीत पाठीवर एकच थर येतो ती निवडावी, अकरा ते चारच्या दरम्यान बाहेर पडू नये, डोक्यावर सुती टोपी असावी आणि बाळाची मान हाताने वरचेवर पाहावी. मान घामेजली किंवा तापली की सोडून सावलीत घ्यावे आणि ६ महिन्यांखालील बाळाला अंगावर पाजावे. तोंडावरून पदर किंवा ओढणी टाकून ऊन अडवण्याची सवय फार आहे, ती मोडलीच पाहिजे. आशा कार्यकर्ती जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिच्यासमोर एकदा बाळ बांधून दाखवावे, म्हणजे वजन आणि श्वास दोन्ही पाहिले जातील.

कऱ्हाडची_आजी

पायांचे मला पटले. न्हाऊ घालणाऱ्या बाईला मी स्वतः सांगेन, कारण सुनेने सांगितले तर ती ऐकणार नाही. सवयीचे मला अजून पुरते पटलेले नाही. पण संध्याकाळी मीच बाळाला बांधून अंगणात फिरावे असे आता वाटते. माझ्या उंचीला आणि दुखऱ्या खांद्याला कोणते कापड बरे?

सातारची_माय

आजी, आपण बाळाला घेऊन फिरणार हे वाचून फार बरे वाटले. खांदा दुखरा असल्यास एका खांद्यावरचे कडीचे स्लिंग घेऊ नका, दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारे लांब कापडच घ्या, आणि पहिल्या वेळी सुनेला समोर उभी करून बांधा. आपल्याला चार मीटर वीस सेंटीमीटरच्या आसपासची लांबी पुरेल असे वाटते. मागवाले दादा, आपण असे कापड विणत असाल तर शिकणाऱ्यांच्या सोयीच्या काही गोष्टी त्यात करता येतील काय? दोन्ही काठ वेगळ्या रंगांचे असावेत, म्हणजे कोणता काठ ढिला आहे हे पाठीवर हात नेऊनही चुकत नाही आणि आरशात लगेच दिसते. मधोमध दोन्ही काठांवर लहानशी खूण शिवलेली असावी.

विट्याचा_मागवाला

होईल, ताई. उभ्या सुतात दोन्ही कडांना चार-चार बोटे वेगळा रंग भरता येतो, त्याला जास्तीचा खर्च नाही. मधली खूण आम्ही काठाच्या आतच दुमडून शिवू, म्हणजे बाळाच्या गालाला टोचणार नाही. टोके सरळ न कापता तिरकी कापू आणि बारीक दुमड घालून दुहेरी टीप मारू, कारण तिरक्या टोकाची गाठ लहान बसते आणि आजींच्या कमरेला ती रुतणार नाही. सुरुवातीला २२० ग्रॅम वजनाचे, सुती, ट्विल विणीचे कापड ४.२, ४.६ आणि ५.२ मीटर अशा तीन लांब्यांत, ७० सेंटीमीटर पन्ह्याचे काढतो. धुतल्यावर सूत आटते, म्हणून मागावर लांबी आणि पन्हा थोडा वाढवून घेऊ आणि वर दिलेली मापे धुतल्यानंतरचीच असतील.